एक कड पुढे

१

मामाच्या घरात सकाळ उजाडायची ती गुरगुरण्याने. गॅसवरचं अष्टकोनी भांडं आधी गप्प बसायचं, मग घसा खाकरायचं आणि मग पोटातलं सगळं पाणी कॉफी करून वरच्या मजल्यावर चढवताना मोठ्याने गुरगुरायचं. “झालं बघ हिचं बोलून,” असं म्हणत मामा डाव्या हाताने गॅस बंद करायचा. उजवा हात मांडीवर असायचा, कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा. लकवा येऊन गेल्यापासून तो हात मामाचा राहिला नव्हता.

डावरी समोर बसून हे बघायची. ती डावखुरी, म्हणून लहानपणी मामीने ठेवलेलं हे नाव. ते असं चिकटलं की शाळेतल्या बाईही तेच म्हणायच्या. आईची नोकरी फिरतीची, त्यामुळे डावरीचं सगळं लहानपण याच स्वयंपाकघरात गेलं होतं. पुढे ती दूरदेशी जाऊन जुन्या वस्तू जपण्याचं शास्त्र शिकली. मधल्या काळात मामी गेली. तेव्हा डावरीची परीक्षा होती, येता आलं नाही. फोनवर मामी नेहमी म्हणायची, “एकदा ये तर खरी. मग बघते कशी जातेस ते.” डावरी आली तेव्हा असं म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

उरली होती ती ‘मंडळी’. इटलीत बनलेली, गॅसवर ठेवून कॉफी करायची जुनी भांडी. जाणकार त्यांना मोका म्हणतात. मामा जहाजावर इंजिनखात्यात होता. ज्या बंदरात जहाज लागेल तिथल्या जुन्या बाजारातून एकेक उचलून आणायचा. पुढच्या खोलीत भिंतभर फळी होती आणि फळीवर ही मंडळी. एकाचा दांडा लाकडी, एकाच्या झाकणावरची गुंडी वितळून कलंडलेली, एकाला थेट कपात कॉफी सोडणाऱ्या दोन नळ्या. शेजारीपाजारी विचारायचे, “काय, मंडळी बरी आहेत ना?” आणि मामा विचारायचा, “कुठली? फळीवरची की ओट्यापाशी उभी असलेली?”

प्रत्येक भांड्याचे तीन तुकडे असतात. खाली पाण्याचं भांडं, मध्ये पूड भरायची गाळणी, वर कॉफी चढते ते भांडं. वरचं आणि खालचं आट्यांनी एकमेकांत फिरवून आवळायचं. पण वापर नसेल तेव्हा कधीच आवळून ठेवायचं नाही. आत ओल कोंडते, रबराचा वायसर दबून मरतो. म्हणून फळीवर प्रत्येकाचे तुकडे सुटे मांडलेले असायचे, जेवण झाल्यावर कमरेचे पट्टे सैल करून बसलेल्या पाहुण्यांसारखे.

आणि दुसरा नियम: तिघांचं भांडं ते तिघांचंच. पाणी कमी घाला, पूड कमी घाला, ते चिडतं आणि जळकी कॉफी देतं. रोजच्या वापरातलं भांडं तिघांचं होतं. म्हणून मामा रोज तीन कप भरायचा. एक स्वतःचा, एक डावरीचा, आणि तिसरा खिडकीजवळच्या खुर्चीसमोर. तो निवून जायचा आणि मग मोरीत ओतला जायचा. याबद्दल दोघं कधी बोलली नाहीत. मामा तिन्ही कप सारखे मांडायचा, कान उजवीकडे. डावरीच्या कपाचा कान आठवणीने डावीकडे फिरवून ठेवणारी एकच होती, आणि तिची खुर्ची रिकामी होती.

२

“बंद कपाटातली वस्तू म्हणजे मेलेली वस्तू, मामा.”

“आणि उघड्या कपाटातली?”

“जिवंत.”

“चोरीला गेलेली,” मामा म्हणाला आणि पाव कॉफीत बुडवला.

डावरीच्या डोक्यात वेड होतं ते हेच. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिने एक बंद पडलेलं गॅरेज भाड्याने घेतलं होतं. त्याचं नाव ‘खुली खोली’. लोकांनी मोडकं काही असेल ते आणावं, एकमेकांकडून दुरुस्त करायला शिकावं. तिथे मंडळी उघड्या फळीवर मांडायची. ज्याला हवं त्याने हवं ते भांडं घ्यावं, कॉफी करावी. कुठे कुलूप नाही, काचेमागे काही नाही. दाराची कडीसुद्धा तिने पहिल्याच दिवशी उपटून टाकली होती. शिकताना तिने काचेमागच्या इतक्या वस्तू पाहिल्या होत्या की काच दिसली तरी तिला कोंडल्यासारखं व्हायचं. गॅरेजच्या वर दोन खोल्या होत्या. एक तिची, एक मामाची. मामाला आता एकटं ठेवणं शक्यच नव्हतं; हातापाठोपाठ हृदयही कुरकुर करू लागलं होतं.

“बघू,” मामा दर वेळी म्हणायचा. मामाचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे सगळ्या घराला ठाऊक होतं.

मामाला आनंद व्हावा म्हणून, आणि ‘बघू’चं ‘हो’ व्हावं म्हणूनही, तिने ते काम केलं. रोज येणाऱ्या नर्सबाई मामाला व्यायामाला घेऊन गेल्या होत्या. डावरीने तिघांचं भांडं ओट्यावर घेतलं. खुल्या खोलीत पहिली कॉफी यातच व्हायला हवी होती. पण आतून ते काळं होतं. मामीच्या काळापासून त्या भांड्याला साबण लागला नव्हता, घासणी लागली नव्हती. कोमट पाणी आणि हाताचा तळवा, बस. मोका जपणारे सगळे असंच करतात. आतल्या भिंतीवर कॉफीचा थर धरतो, दरवर्षी जाड होतो, आणि त्यानेच चव येते म्हणतात. डावरीला मात्र वेगळं शिकवलेलं होतं. थर दोन प्रकारचे, एक खूण आणि एक मळ. खूण जपायची, मळ काढायचा. तिने नखाने खरवडून पाहिलं आणि ठरवलं, मळ.

लिंबूसत्व घातलेल्या पाण्यात भांडं उकळलं. थर सुटला तो पापुद्र्यापापुद्र्याने. मोरीत काळं पाणी गेलं तेव्हा वास आला, पण कॉफीचा नव्हे. ओल्या केसांचा असतो तसा, ऊबदार. डावरीने खिडकी उघडली. मग नवा वायसर बसवला, वाफेची झडप बदलली. भांडं आतून चांदीसारखं लख्ख झालं.

थर जुना आहे की नवा, जपायचा की काढायचा, हे सगळं तिला शिकवलं होतं. तो कुणाचा आहे हे विचारायला मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी दोन कपांचीच आली.

पाणी झडपेपर्यंत भरलेलं होतं, पूड काठोकाठ होती. भांडं गुरगुरलंही नाही. उसासा टाकल्यासारखं करून थांबलं. मामाने दोन कप भरले आणि तिसऱ्यावर भांडं उपडं धरलं. एक थेंब लोंबला, पडला नाही.

“वायसर नवा आहे,” डावरी घाईने म्हणाली. “बसायला वेळ लागेल. कुठून तरी वाफ जात असेल.”

मामाने झाकण उचलून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “लख्ख झालंय,” तो म्हणाला.

“आवडलं ना?”

“किती वर्षांचा होता तो थर?”

“परत धरेल की, मामा.”

“धरेल गं. पण तोवर ती बसेल कुठे?”

हे त्याने इतक्या साधेपणाने विचारलं की डावरीला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि तिचे कान तापले. मामाने रिकामा कप उचलला आणि खिडकीजवळच्या खुर्चीसमोर रिकामाच नेऊन ठेवला.

त्या दुपारी ती पुढच्या खोलीत फळी पुसत होती. अगदी पलीकडच्या टोकाला, खिडकीशी, लाकडी दांड्याचं भांडं होतं. त्याचे तीन तुकडे तीन ठिकाणी नव्हते. ते एकच झालं होतं.

मामाने ठेवलं असेल, तिने मनाशी म्हटलं, आणि सोडवायला गेली. सुटेना. फडकं घेतलं, ओट्यावर दाबलं, दातओठ खाल्ले. हलेना. मग तिने ते उजेडात धरलं आणि तिचं लक्ष कडांकडे गेलं.

भांडं अष्टकोनी, म्हणजे वरच्या भागाला आठ कडा, खालच्याला आठ. नीट आवळलं की वरची कड खालच्या कडेवर येते, तिथे थांबायचं. मामा बरोबर तिथे थांबायचा, इंजिनवाला होता तो. या भांड्याच्या कडा जुळत नव्हत्या. वरचा भाग एक अख्खी कड पुढे गेला होता.

असं आवळणारी एकच मूठ या घराला माहीत होती.

४

मामीच्या मुठीवर घरात विनोद चालायचे. तिने लावलेली बरणी कुणाच्या बापाला उघडायची नाही. औषधाची बाटली, नळ, शाईची दौत, फुगवलेल्या फुग्याचं तोंडसुद्धा. एवढीशी बाई, पण मूठ लोहाराची. “तिनं लावायचं, मी उघडायचं,” मामा म्हणायचा. “लग्नात असंच ठरलंय आमचं.”

डावरीने विनोद बाजूला ठेवला. ती शिकलेली मुलगी होती. धातू उन्हाने फुगतो, थंडीने आकसतो. खिडकीशी ऊन येतं. पण ऊन भांडं उचलून भांड्यावर ठेवत नाही. मग मामा? लकव्यानंतर माणसं झोपेत उठतात, काहीबाही करतात.

“मामा झोपेत काही आवळू शकेल का?” तिने नर्सबाईंना विचारलं.

नर्सबाई हसल्या. “डाव्या हातानं एकट्यानं काय आवळणार? धरायला दुसरा नको? आणि दुसऱ्या मुठीत कागदाचा कपटासुद्धा राहत नाही. काल मीच ठेवला होता, पडला.”

मग ती स्वतः? झोपेत? तिने एक जुनं भांडं घेऊन अंगातली सगळी ताकद लावून आवळलं. कडा जुळण्याच्या आतच हात थांबला. तिच्या मुठीत तेवढा जोरच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसरं भांडं बंद झालं, लाकडी दांड्याच्या शेजारचं. मग त्याच्या शेजारचं. टोकापासून सुरुवात करून कुणी तरी फळीवरून एकेक भांडं बघत येत होतं. हातात घ्यावं, आवळून पाहावं, हे नव्हे म्हणून ठेवून द्यावं आणि पुढचं घ्यावं, तसं. फळीचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या दाराशी संपत होतं.

एकदा तिने तो आवाजही ऐकला. भरदुपार होती, मामा आत पडला होता, ती मोरीशी कप विसळत होती. पुढच्या खोलीत ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं. कर्र. झोपेत दात खाल्ल्यासारखं, एकदाच. ती नळ चालू ठेवून तशीच उभी राहिली. नळ बंद केला तर आणखी काही ऐकू येईल, असं तिला वाटलं.

फळी संपल्यावर ते स्वयंपाकघरात आलं. साखरेची बरणी. बिस्किटांचा फिरकीचा डबा. तिच्या दातांच्या पेस्टचं टोपण. शेवटी तिने मामाला सांगितलं. वाटलं होतं, तो घाबरेल किंवा हसेल. त्याने नुसती मान हलवली.

“जहाजावरून घरी यायचो ना मी, तेव्हा ओट्यावर रांग असायची. बरण्या, बाटल्या, डबे. सहा-सहा महिने तशाच. बिनसाखरेचा चहा प्यायची, पण शेजाऱ्याकडून बरणी उघडून घ्यायची नाही. म्हणायची, उघडणारा येतोय.” त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. “मी दारातून आत आलो की बॅग ठेवायच्या आधी बरण्या.”

“मामा, पण आता...”

“आता काय. लावतेय ती. उघडणारा बसलाय असा.”

५

त्या दिवशी सकाळी कॉफी गॅसवर होती. मामाने एकाएकी डावा हात छातीवर दाबला. तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांनीच त्याने कपाटाकडे खूण केली. जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली तिथे असायची. डावरीने झेप घेऊन ती उचलली आणि टोपण फिरवलं.

फिरलं नाही.

तिने फडकं घेतलं. पदार्थ धरायचा चिमटा घेतला. दातात धरून पाहिलं. मामाचं कपाळ घामाने चमकत होतं, ओठ निळसर होत होते, आणि तिच्या हातात ती अंगठ्याएवढी बाटली काही केल्या उघडत नव्हती. शेवटी तिने बाटली ओट्याच्या कडेवर आपटून फोडली आणि काचांतून एक गोळी वेचून मामाच्या जिभेखाली सरकवली. तिच्या बोटातून रक्त येत होतं. गॅसवरचं भांडं उसासा टाकून थांबलं. दोनच कप.

मामाला बोलता येऊ लागलं तेव्हा तो पहिल्यांदा म्हणाला ते हे: “ती वाईट नाही गं. तिला थांबता येत नाही, एवढंच.”

“बास,” डावरी म्हणाली. “मला कारण नको, काही नको. ती असो, ऊन असो, माझं डोकं फिरलेलं असो. या घरात तू मरशील, मामा. मी मामीच्या वेळी नव्हते. तुझ्या वेळी मी इथे आहे, आणि मी तुला मरू देणार नाही. चल तू माझ्याबरोबर.”

मामाने तिचं बोट हातात घेतलं, रक्त पुसलं. “बरं.”

“बघू नाही?”

“नाही. येतो. पण तिचं काय?”

“मामा, मामी नाहीये आता.”

“ते मला ठाऊक आहे, पोरी,” मामा म्हणाला. “तिला कुणी सांगितलंय का?”

६

सामान हलवायचा दिवस स्वच्छ उन्हाचा होता. हमाल बॉक्स उतरवत होते, जिन्यात धपाधप आवाज होता, दारं सताड उघडी होती. गेल्या कित्येक दिवसांत डावरीला एवढं हलकं वाटलं नव्हतं. मंडळी शेवटी बांधायची म्हणून तिने ती सगळी, आवळलेली होती तशीच, स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवली होती. गोळ्यांची नवी बाटली मामाच्या खिशात होती. तिचं टोपण तिने मुद्दाम सैल ठेवलं होतं आणि पहाटेपासून दोनदा तपासलं होतं.

“शेवटची कॉफी करतो इथली,” मामा म्हणाला. “ते तिघांचं दे जरा भरून.”

तिने पाणी भरलं, पूड भरली, वरचा भाग लावून कडेवर कड आणून थांबली. गॅस लावला. खालून टेम्पोवाल्याने हाक मारली. “आलेच,” म्हणून ती उतरली. पत्ता समजावून सांगायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच लागला.

ती वर आली तेव्हा स्वयंपाकघराचं दार लागलेलं होतं.

त्या दाराला पितळेची गोल मूठ होती, खिळखिळी, लहान मुलानेही फिरवावी अशी. डावरीने ती धरली. भिंतीला धरल्यासारखं वाटलं.

“मामा! दार उघड!”

आतून भांडं गुरगुरलं. उसासा नव्हे, पूर्वीसारखं, पोटभर. मग दुसरा आवाज. कर्र. आणि पुन्हा. पण हा आवाज उलट होता, घट्ट झालेले आटे सुटतात तेव्हाचा. एक सुटलं, टेबलावर ठेवल्याचं वाजलं. दुसरं सुटलं. कुणी तरी मंडळींची रांग उघडत चाललं होतं, सावकाश, बॅग न ठेवता.

दाराच्या वरच्या भागात खरबरीत काच होती. त्यातून आकारच दिसायचे. टेबलाशी बसलेला मामा तिने ओळखला. त्याची पाठ ओळखली. मग तिने पाहिलं की तो उजवा हात उचलतोय. तो हात सरळ, सहज वर गेला आणि टेबलावरून पुढे झाला. समोरून, खिडकीजवळच्या खुर्चीच्या बाजूने, दुसरं काही तरी लहानसं त्याच्यापर्यंत आलं, मनगटाएवढं. त्याने काही तरी दिलं की घेतलं, हे काचेतून कळलं नाही. नुसता आवाज आला. मामा हसत होता. “आण इकडे,” तो म्हणत होता. “तुझं आपलं नेहमीचंच.”

त्यानंतर आत काही वाजलं नाही.

नाक्यावरचा किल्लीवाला येईपर्यंत हमाल खांदे लावून थकले होते. किल्लीवाल्याने वाकून भोकात बघितलं, आणि तो बुचकळ्यात पडला. “ताई, कुलूप लागलेलंच नाही हे. नुसती मूठ आवळलीय कुणी तरी.” असं म्हणून त्याने मूठ धरली, आणि ती त्याच्या हातात लोण्यासारखी फिरली.

मामा खुर्चीत होता. डोळे मिटलेले, चेहरा शांत. दोन्ही हात टेबलावर होते आणि उजव्या हाताची मूठ वळलेली होती. समोर मंडळी होती, सगळी उघडी, प्रत्येकाचे तीन तुकडे ओळीने मांडलेले. साखरेची बरणी उघडी. डबा उघडा. गोळ्यांची बाटली उघडी होती आणि त्यातली एकही गोळी कमी झालेली नव्हती.

एकच भांडं बंद होतं. तिघांचं. कोरडं, धुतलेलं, एक कड पुढे.

७

खुली खोली सुरू झाली. मामा गेला म्हणून ती बंद ठेवावी, असं डावरीला एकदाही वाटलं नाही. उलट ती आणखी जिद्दीने कामाला लागली. लोक येऊ लागले. कुणी पंखा आणला, कुणी शिवणयंत्र. फळीवरची हवी ती मोका घेऊन लोक कॉफी करायचे, गप्पा मारायचे, विसळून सुटी करून ठेवायचे. एकही भांडं पुन्हा आवळलेलं सापडलं नाही. डावरीला झोप लागू लागली. स्वयंपाकघराच्या काचेतून आपण जे पाहिलं ते भीतीने पाहिलं, असं तिने ठरवलं, आणि ते जवळजवळ पटलंही.

तिघांचं भांडं मात्र तिने खालच्या कप्प्यात, मागे सारून ठेवलं होतं. लेथवाल्याने ते शिकंज्यात धरून पाईपपान्याने पाहिलं होतं. पाना घसरला, भांड्यावर चरासुद्धा उमटला नाही. “कापून देऊ?” त्याने विचारलं. “नको,” ती म्हणाली, आणि आपण एवढ्या पटकन का म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं.

एका ढगाळ सकाळी कुणी यायच्या आत ती खोली झाडत होती. कप्प्यातून कागद काढताना ते भांडं हाताला लागलं आणि आत काही तरी डुचमळलं. तिने ते कानाशी धरून हलवलं. पाणी. भरलेलं होतं ते.

तिने वरचं झाकण उचललं. वरच्या भांड्याचं आतलं अंग दिसलं. तिने स्वतःच्या हाताने चांदीसारखं लख्ख केलेलं ते अंग काळंभोर होतं. तळापासून चोचीपर्यंत जाड, मऊ, कित्येक वर्षांचा थर. तिने बोट लावलं. थर ऊबदार होता, आणि वास ओल्या केसांचा होता.

ठेवून द्यावं, तिच्या मनात आलं. नाही तर थेट नदीवर नेऊन सोडावं. पण असं बंद भांडं रिकामं करायचा एकच मार्ग असतो. वस्तू वापरासाठी असते, हे ती सगळ्यांना सांगायची. तिने ते गॅसवर ठेवलं आणि आच बारीक केली.

भांडं आधी गप्प बसलं. मग त्याने घसा खाकरला. मग खोलीभर गुरगुरलं.

“झालं बघ हिचं बोलून,” ती हळूच म्हणाली, कुणी तरी म्हणायला हवं होतं म्हणून.

तिने कप मांडले. एक भरला. दुसरा भरला. भांडं हातात जड होतं. तिसरा काठोकाठ भरला आणि भांडं रिकामं झालं, थेंबाचाही फरक नाही. मामाच्या सवयीने तिन्ही कपांचे कान उजवीकडे होते. ती गॅस बंद करायला वळली. परत वळली तेव्हा तिन्ही कप जागच्या जागी होते. फक्त तिच्या बाजूच्या कपाचा कान डावीकडे झाला होता.

रडू आधी आलं. भीती मागाहून आली, आणि ती दाराच्या बाजूने आली. कडी नसलेलं ते दार, जे सकाळी तिने दगड लावून सताड उघडं ठेवलं होतं, मागे सावकाश मिटत गेलं. उजेडाची पट्टी जमिनीवर बारीक होत होत नाहीशी झाली. आणि मग, जिथे फिरण्यासारखं काहीच नव्हतं तिथून, आवाज आला. कर्र. आणि थोडं थांबून, आणखी एक कड पुढे.

डावरी दाराकडे गेली नाही. ती खुर्ची ओढून बसली. मामीने लावलेलं उघडणारा जगात एकच होता, आणि त्याचा कप तिच्या समोरच वाफाळत होता.

तिने डाव्या हाताने आपला कप उचलला. कॉफी अगदी पूर्वीसारखी झाली होती.